फरशीला फट का लागते? सारवणापासून दुबईच्या फ्लॅटपर्यंत

ऑगस्टमध्ये महिनाभर भारतात राहून मी दुबईला परत आले, दार उघडलं आणि बॅग उंबऱ्यावरच सोडली. हॉलच्या मधोमध दोन फरश्या एकमेकींना टेकून उभ्या होत्या. पत्त्यांचा बंगला करताना पहिली दोन पानं ठेवतो ना, तशा. आजूबाजूच्या चार-सहा फरश्यांवर पाय ठेवला की पोकळ आवाज. घरात कुणी नव्हतं, काही पडलं नव्हतं, पाणी फुटलं नव्हतं.

बिल्डिंगच्या ऑफिसला फोन केला. पहिला प्रश्न आला, "एसी बंद करून गेला होता का?" हो म्हटल्यावर पलीकडचा सूर बदलला. म्हणजे चूक तुमची, डिपॉझिटमधून कापू.

मग मी खेडला काकांना व्हिडिओ कॉल लावला. माझे काका १९७९ मध्ये अबू धाबीला गेले आणि चौदा वर्षं त्यांनी फरश्या बसवल्या. त्यांनी तंबू नीट बघितलासुद्धा नाही. म्हणाले, "अगो, भिंतीजवळ जा. स्कर्टिंगच्या खाली फट आहे का बघ." मी सुरी घालून बघितली. फट नव्हती. फरशी थेट भिंतीला भिडलेली आणि मध्ये सिमेंट ठासून भरलेलं. "मग एसीचं काय घेऊन बसलीस," काका म्हणाले, "ती फरशी आज ना उद्या उठणारच होती."

पॉडकास्टमध्ये हा किस्सा मी दोन मिनिटांत उरकला होता. त्यानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी आपापल्या घरातल्या उठलेल्या फरश्या, पांढरे डाग आणि फुगलेलं लॅमिनेट यांचे फोटो पाठवले. म्हणून हे सविस्तर लिहितेय. दुरुस्तीच्या सूचना शेवटी आहेत, पण त्याआधी इतिहास वाचा. कारण फरशीला फट का लागते, हे आपल्या आधीच्या लोकांना ठाऊक होतं. आपण ते कधी आणि कसं विसरलो, हीच खरी गोष्ट आहे.

आधी दोन शब्द

"फरशी" हा शब्द तुम्ही घरात ऐकत आलात. तो "फर्श" वरून आला, आणि "फर्श" फारसीतून आपल्याकडे आला असला तरी मुळात अरबी. अर्थ आहे अंथरण्याची गोष्ट: चटई, गालिचा, बिछायत. दुबईत भाड्याच्या जाहिरातीत "शक्का मफ्रूशा" लिहिलेलं असतं, म्हणजे फर्निचरसकट फ्लॅट. तो "मफ्रूशा" आणि आपली "फरशी" एकाच धातूतले. म्हणजे शब्दापुरतं बोलायचं तर फरशी ही जमिनीवर अंथरायची वस्तू आहे. अंथरलेली गोष्ट उचलता येते, झटकता येते, बदलताही येते.

दुसरा शब्द "पोतेरं". शेणाने जमीन सारवायचं फडकं म्हणजे पोतेरं. पण मराठीत "माझ्या आयुष्याचं पोतेरं झालं" असंही म्हणतात. जमीन सांभाळण्याचं काम रोज ज्याच्याशिवाय होत नसे, त्याच फडक्याचं नाव भाषेने हलकेपणासाठी वापरलं. हे काम कोण करत होतं आणि त्याला किती मान होता, ते या एका वाक्प्रचारात दिसतं.

सारवणाचं तंत्र

कोकणात पाऊस सरला की खळं करायचं, म्हणजे अंगण नव्याने घडवायचं. पावसाने उखणलेली माती खणून सारखी करायची, पाणी शिंपडायचं, धुम्मसाने ठोकायची, मग चोपण्याने चोपून गुळगुळीत करायची आणि वर शेणाचा हात फिरवायचा. घरातली जमीनही अशीच, फक्त तिचं सारवण दर काही दिवसांनी.

यातलं शास्त्र साधं आहे. माती सुकली की आकसते आणि आकसली की तडकते. शेणात अर्धवट पचलेल्या गवताचे बारीक तंतू असतात. ते मातीला धरून ठेवतात, त्यामुळे एक मोठी भेग पडण्याऐवजी अनेक सूक्ष्म, न दिसणाऱ्या भेगा पडतात. पुढच्या सारवणात त्या बुजतात. जमिनीखालची ओल वर येते आणि उडून जाते, कारण मातीने तिला अडवलेलं नसतं. थोडक्यात, ही जमीन हलणार, ओली होणार, झिजणार हे आधीच धरलेलं होतं आणि दुरुस्ती तिच्या वेळापत्रकातच होती.

पण इथं हळवं व्हायचं कारण नाही. हे वेळापत्रक बायकांच्या गुडघ्यांवर चालायचं. माझ्या आजीचे गुडघे त्यातच गेले. शिवाय सारवण हे फक्त स्वच्छतेचं काम नव्हतं. जातीने खालचा ठरवलेला माणूस येऊन बसून गेला की ती जागा सारवून "शुद्ध" करणारी घरं होती. त्यामुळे कुणी "आपली पारंपरिक पर्यावरणपूरक जमीन" असं म्हणालं, की मी मान डोलावते आणि मग हेही सांगते.

समुद्राच्या पलीकडे

आता अरबी समुद्र ओलांडू. आजच्या अमिरातीच्या किनाऱ्यावर तेलाच्या आधी बहुतेक लोक "अरीश"मध्ये राहायचे. म्हणजे खजुराच्या झावळ्यांची घरं. खाली वाळू, वर झावळ्यांच्या पात्यांची विणलेली चटई. वाळू खराब झाली की काढून नवी पसरायची. उन्हाळ्यात अनेक कुटुंबं लिवा किंवा अल ऐनच्या बागांकडे जायची, परत आली की घराची डागडुजी. ही जमीनही हलणारी आणि बदलता येणारी, शब्दशः अंथरलेली.

श्रीमंत व्यापाऱ्यांची घरं समुद्रातून काढलेल्या प्रवाळ दगडाची असत. वर जिप्समचा गिलावा आणि छताला पूर्व आफ्रिकेतून आलेले खारफुटीचे वासे. दुबईच्या खाडीकाठचा अल फहिदी भाग तुम्ही पाहिला असेल. जुनं नाव बस्तकिया, कारण तिथले व्यापारी इराणमधल्या बस्तकचे. १९८० च्या दशकाच्या शेवटी हा भाग पाडायला घेतला होता. रेनर ऑटर या ब्रिटिश वास्तुविशारदाने तो वाचवण्यासाठी मोहीम चालवली आणि १९८९ मध्ये तेव्हाचे प्रिन्स चार्ल्स तिथे येऊन गेले. म्हणून आज तिथे कॉफी पिता येते.

त्या घरांत गेलात तर भिंतीचा खालचा हात-दोन हात भाग निरखून बघा. गिलावा कुठे फुगलेला, कुठे पापुद्रे सुटलेला दिसेल. आपल्याकडे याला "लोणा लागणं" म्हणतात. या किनाऱ्याची जमीन बऱ्याच ठिकाणी "सब्खा" आहे, म्हणजे मिठाची सपाट खारवट जमीन. कोकणातलं खाजण आठवा, पण खारफुटी नसलेलं आणि भट्टीत ठेवल्यासारखं. खारं पाणी अनेकदा जमिनीखाली मीटर-दीड मीटरवर असतं. चहात बिस्कीट टेकवलं की चहा जसा वर चढतो, तसं ते दगड-मातीच्या छिद्रांतून वर चढतं. पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. मिठाचे स्फटिक छिद्रांत वाढत जातात आणि आतून दगड, गिलावा, सिमेंट फोडतात. फरशीच्या सांध्यांत दिसणारी पांढरी पूड हीच.

टणक जमिनीचं वचन

आपल्याकडे टणक जमीन टप्प्याटप्प्याने आली. १८७१ मध्ये मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सोलापूर-गुलबर्गामार्गे रायचूरला मद्रासच्या लाइनला मिळाली. याच मार्गावर शहाबाद आहे. तिथला थरांत सुटणारा चुनखडक म्हणजे आपली शहाबादी फरशी. चाळी, शाळा, वाडे, स्वयंपाकघरं सगळीकडे ती पोचली. मोठ्या इमारतींत विलायतेहून टाइल्स यायच्या. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात स्टोक-ऑन-ट्रेंटच्या मिंटन टाइल्स आजही पायाखाली आहेत. मग १९२२ मध्ये फिरोजशा सिधवा आणि त्यांचे पुतणे रुस्तम सिधवा यांनी भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी काढली आणि स्वदेशीच्या काळात देशी सिमेंट टाइल बाजारात आली. त्यानंतरच्या काळातलं मोझेक तर तुमच्यापैकी अनेकांच्या आजोळी अजून असेल.

कोकणात हा बदल मोठ्या प्रमाणात आखाताच्या पैशाने झाला. खेड, दापोली, महाड, श्रीवर्धन या भागांतून माणसं गेली, ड्राफ्ट यायला लागले आणि घराघरांतली मातीची जमीन सिमेंटखाली गेली. आमच्या घरी काकांनी माजघरात मोझेक घातलं. त्या दिवशी आजीने पोतेरं कायमचं चुलीमागे टाकलं. तिच्यासाठी ही सुटका होती आणि ती खरी होती.

पहिल्याच पावसाळ्यात मात्र मोझेकला घाम सुटला. मातीची जमीन हवेतली ओल पिऊन टाकायची, मोझेक ती वरच धरून ठेवायचं. आजीने जुनी गोणपाटं अंथरली. फरशीवर पुन्हा फर्श!

घाईतलं काँक्रीट

आखातात हाच बदल पंचवीस-तीस वर्षांत झाला. अबू धाबीने १९६२ मध्ये तेल निर्यात सुरू केली, दुबईने १९६९ मध्ये. १९७१ मध्ये संघराज्य झालं. झावळ्या गेल्या, काँक्रीट आलं. पण सुरुवातीच्या बांधकामात बऱ्याच ठिकाणी न धुतलेली खारी वाळू आणि मचूळ पाणी वापरलं गेलं. मिठामुळे आतल्या सळया गंजल्या, फुगल्या, आणि दहा-पंधरा वर्षांतच काँक्रीटचे ढलपे पडू लागले. हा प्रश्न इतका मोठा झाला, की सीआयआरआयए या ब्रिटिश बांधकाम-संशोधन संस्थेने १९८४ मध्ये आखातातल्या काँक्रीट-बांधकामासाठी स्वतंत्र मार्गदर्शिका छापली. विलायती पद्धत जशीच्या तशी इथे चालत नाही, हे तिच्यातलं मूळ म्हणणं. काका सांगतात, त्यांच्या गँगला वाळू धुवायचं काम नव्याने लागलं ते याच सुमारास.

मग टाइल बदलली. १९८९ मध्ये रास अल खैमामध्ये आरएके सिरॅमिक्सची स्थापना झाली. अमिरातीत आयात होणारी टाइल आता इथून निर्यात व्हायला लागली. पुढे मोरबीतल्या कारखान्यांनी भारतात तेच केलं. मोठ्या, चकचकीत, विट्रिफाइड फरश्या स्वस्त झाल्या.

इथे कारागिरांची एक जुनी सवय आड आली. जुनी टाइल सच्छिद्र असायची. ती आधी पाण्यात भिजवायची आणि मग सिमेंटवर ठेवायची, म्हणजे छिद्रांत सिमेंट शिरून पकड बसायची. विट्रिफाइड टाइल अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही. तिला साधं सिमेंट धरत नाही, त्यासाठी पॉलिमर असलेलं चिकटद्रव्य लागतं आणि तेही पूर्ण पाठीला. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून फरशी दाबली, की मधला भाग पोकळ राहतो. वरून सगळं सुंदर दिसतं. पण काम मीटरवर मोजलं जातं, घाई वरून येते, आणि फट, सांधा, पूर्ण पाठ या गोष्टी ताबा घेताना कुणी तपासत नाही. म्हणून मी दोष कारागिराच्या माथी मारणार नाही.

मग फरशी उठते कशी?

थोडा हिशोब करू. सहा मीटरचा हॉल घ्या. एसी बंद, बंद घरात तापमान वीस अंशांनी वाढलं. सिरॅमिक टाइल दर अंशाला मीटरमागे सुमारे सात सहस्रांश मिलिमीटर वाढते. सहा मीटरला वीस अंशांत हे होतं ०.८४ मिलिमीटर. दुसऱ्या बाजूने, खालचं नवं काँक्रीट पहिली काही वर्षं वाळताना आकसत असतं. म्हणजे वरचा थर लांब होऊ बघतोय, खालचा आखूड.

समजा, एकूण फरक फक्त एक मिलिमीटरचा पडला. कडेला फट असेल तर तो तिथे जिरतो, कुणाला कळतही नाही. फट नसेल तर सगळा दाब सर्वांत कच्च्या जागी, म्हणजे पोकळ फरश्यांवर येतो. ६० सेंटिमीटरच्या दोन फरश्यांना मिळून एक मिलिमीटर कमी जागा मिळाली, तर त्या मधल्या सांध्याशी किती वर उठतील? पायथागोरस लावा: जवळजवळ अडीच सेंटिमीटर. आधी मलाही खरं वाटलं नाही, वहीत दोनदा करून बघितलं.

म्हणजे एसी हे निमित्त होतं. दाब आधीपासून साठत होता.

तर काय करायचं?

*नवं घर घेताना किंवा भाड्याने राहायला जाताना* नाण्याने किंवा किल्लीने फरश्यांवर टकटक करा. भरीव आवाज ठीक, पोकळ आवाज आला तर फोटो काढून तारखेसकट मालकाला ईमेल करा. एखादी फरशी थोडी पोकळ असणं म्हणजे संकट नव्हे, पण सलग ओळ पोकळ असेल तर आधीच सांगा.

*फरशी उठली असेल तर* त्याच जागी सिमेंट घालून ती दाबू देऊ नका, पुढच्या उन्हाळ्यात शेजारची उठेल. आधी भिंतीकडेचं सिमेंट काढून पाच-सहा मिलिमीटरची फट मोकळी करायची, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. मोठ्या हॉलमध्ये साधारण सहा ते आठ मीटरवर, आणि काचेतून थेट ऊन येत असेल तिथे त्याहून जवळ, एक लवचिक सांधा हवा. त्यात ग्राऊट न भरता सिलिकॉनसारखं दबणारं सीलंट भरायचं. मग पूर्ण पाठीला चिकटद्रव्य लावून फरशी बसवायची.

*सुट्टीला जाताना* एसी पूर्ण बंद करण्याऐवजी २८ अंशांवर ठेवा. बाथरूमच्या जाळीतही तांब्याभर पाणी ओतून जा. खालच्या वाकड्या नळीतलं पाणी महिनाभरात उडून जातं आणि परत येता तेव्हा घरात गटाराचा वास आणि झुरळं असतात.

*फरशीला घाम येत असेल तर* खिडकी उघडू नका! ऑगस्टमध्ये इथे दवबिंदू २८-३० अंशांवर जाणं नवलाचं नाही. तुमची फरशी २२ अंशांवर असेल, तर बाहेरची हवा आत आली की तिचं पाणी होणारच. दारं-खिडक्या बंद, एसी ड्राय मोडवर, आणि कोरड्या फडक्याने पुसणं.

*सांध्यांत पांढरी पूड येत असेल तर* आधी कोरड्या ब्रशने झाडून काढा. पाण्याने धुतली तर मीठ विरघळून पुन्हा आत जातं. ती परत परत येत असेल तर खाली कुठेतरी पाणी येतंय, ते शोधल्याशिवाय उपाय नाही. संगमरवर, शहाबादी, कोटा यांवर ॲसिड, व्हिनेगर, लिंबू काही घालू नका. हे दगड चुन्याच्या जातीचे, आम्ल त्यांना खातं आणि गेलेली चमक पुसून परत येत नाही.

*पाणी शिरलं असेल तर* घाई करू नका. १६ एप्रिल २०२४ च्या पावसात अल ऐनजवळ खत्म अल शकला इथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस पडला, १९४९ पासूनच्या नोंदींतला सर्वांत जास्त. त्यानंतर ओल्या काँक्रीटवरच नवं लॅमिनेट घातलेली घरं मी पाहिली, ती काही महिन्यांत पुन्हा फुगली. साधी चाचणी आहे: उघड्या काँक्रीटवर ४५ सेंटिमीटर चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि किमान १६ तास ठेवा. खाली थेंब जमले किंवा काँक्रीट काळपट झालं तर थांबा. लॅमिनेट घालताना भिंतीकडे आठ-दहा मिलिमीटर फट हवीच.

*डिपॉझिटवरून वाद झाला तर*, दुबईपुरतं सांगते, २००७ च्या कायदा क्रमांक २६ चं कलम १६ वाचा. करारात वेगळं ठरलेलं नसेल तर देखभाल आणि वापरात अडथळा आणणारे दोष दुरुस्त करणं मालकाकडे आहे. कलम २१ म्हणतं की घर होतं तसं परत करायचं, पण रोजच्या वापराची झीज तुमच्या माथी नाही. इतर अमिरातींत नियम वेगळे आहेत, तिथले वेगळे बघा. आणि स्वतःचा करार आधी वाचा.

गुडघ्यांची गोष्ट

मी कलम १६, वहीतला हिशोब आणि कडेच्या सिमेंटचा फोटो पाठवला. चार ईमेलनंतर डिपॉझिटचा विषय बंद झाला आणि दोन माणसं दुरुस्तीला आली. एक गोरखपूरकडचे, पन्नाशीचे. दुसरा नेपाळचा, तुमच्याच वयाचा असेल. त्यांना ऑफिसने "दोन फरश्या चिकटवा" एवढंच सांगितलं होतं. मी कडेच्या फटीचं म्हटलं तर मोठे मिस्त्री हसले. "मॅडम, वो तो हमको भी मालूम है. टाइम कौन देता है?"

त्या दिवशी मी ऑफिसला फोन करून त्यांच्यासाठी आणखी एक दिवस मागून घेतला. दोघांनी दोन दिवस गुडघ्यांवर बसून चारही भिंतींकडचं सिमेंट काढलं. ग्राइंडर लावताना धूळ इतकी उडाली, की मी आत पळाले, पण त्यांच्या तोंडाला फक्त रुमाल होता. दुसऱ्या दिवशी मी मास्क आणून दिले आणि कापताना पाणी मारायला बादली. टाइलच्या धुळीतली सिलिका फुप्फुसांत कायमची बसते, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. मोठे मिस्त्री खोकत होते.

आजीचे गुडघे मोझेकने वाचले, ते मोझेक काकांच्या गुडघ्यांवर आलं, आणि माझ्या हॉलची चकाकी या दोघांच्या. जमीन सांभाळायचं काम संपलं, असं आपण टणक फरशी आल्यावर धरून चाललो. ते संपलं नाही, फक्त आपल्या घरातून दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर गेलं आणि दिसेनासं झालं. म्हणून तुमच्या घरी कधी फरशी उठली, तर मालकाकडे दुरुस्ती मागाच, पण त्याबरोबर काम करणाऱ्यांसाठी पुरेसा वेळ, पाणी आणि मास्कही मागा.

रात्री काकांना फोन केला, नव्या फटीचा फोटो पाठवला. त्यांनी मोठा करून बघितला. "सहा मिलिमीटर बरोबर आहे," म्हणाले, "पण त्या कोपऱ्यात सिमेंटचा एक खडा राहिलाय बघ. उद्या काढून टाक."

काढला.